जुन्या पोर्शेचा सायलेन्सर काय सांगतो

गाडीचा आवाज बदलला की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कुठून येतोय हा आवाज?" मग झाकण उघडतं, कोणी खाली वाकतं, कोणी पाइपाजवळ कान नेतं आणि अर्ध्या तासात तीन जणांची तीन मतं तयार होतात. जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या एक्झॉस्टमधला बिघाड ओळखायचा असेल, तर हा प्रश्न जरा मागे ठेवावा लागतो. इंजिनापासून टेलपाइपपर्यंत सगळा पत्रा एकमेकाला जोडलेला असतो. एका टोकाला फट पडली तरी दुसरं टोक थरथरतं. त्यात जाड, घुमणारा आवाज नेमका कुठल्या बाजूने येतोय, हे माणसाच्या कानाला नीट कळत नाही. तो आवाज कधी येतो, किती वेळाने पुन्हा येतो आणि कशाने वाढतो, हे मात्र कान बऱ्यापैकी अचूक सांगतो. निदान तिथून सुरू करावं.

उदाहरणादाखल इथे पोर्शे ९११ घेतली आहे, १९७४ ते १९८९ या काळातली. ही गाडी १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि तिचं हवेने थंड होणारं इंजिन १९९८ पर्यंत टिकलं. आपल्याकडच्या बुलेटच्या सिलिंडरवर जशा पंखड्या असतात तशा हिच्याही सिलिंडरवर असतात. फरक इतकाच, की इथे हवा मारायला पट्ट्यावर चालणारा मोठा पंखा आहे. सहा सिलिंडर, तीन डावीकडे, तीन उजवीकडे, आडवे झोपलेले. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. त्यामुळे एक्झॉस्टचा सगळा प्रवास जेमतेम दीड-दोन मीटरचा; इंजिनातला आवाज आणि सायलेन्सरमधला आवाज एकमेकांत मिसळून जातात. शिवाय या गाडीच्या एक्झॉस्टला दुसरंही एक काम असतं. केबिनमधला हीटर त्याच्याच उष्णतेवर चालतो. म्हणून इथली गळती नुसती कानाला त्रास देत नाही, जिवावरही बेतू शकते.

आवाजाचं गणित

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमधल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो. तो वायू एका झटक्यात नळीत घुसतो. या झटक्यांची माळ म्हणजेच एक्झॉस्टचा आवाज. सायलेन्सर हे झटके पुसत नाही, त्यांच्या कडा बोथट करतो. कप्प्याकप्प्यांतून लाटा परतवून त्या एकमेकींवर आदळवायच्या किंवा छिद्रांच्या नळीभोवती भरलेल्या तंतूंमध्ये त्या जिरवायच्या, या दोनच युक्त्या त्याच्याकडे असतात.

फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. सहा सिलिंडर असले की एका फेऱ्यात तीन स्फोट होतात. ९११ साधारण ९०० आरपीएमवर आयडलिंग करते. म्हणजे मिनिटाला २,७०० स्फोट, सेकंदाला ४५. निरोगी गाडीची सलग गुरगुर असते ती हीच. आता समजा एकाच सिलिंडरच्या तोंडाशी फट पडली. तिथून वायू निसटेल तो फक्त त्या सिलिंडरची पाळी येईल तेव्हा, सेकंदाला साडेसात वेळा. क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला होणारा आवाज, उदाहरणार्थ कनेक्टिंग रॉडच्या झिजलेल्या बेअरिंगचा ठोका, सेकंदाला १५ वेळा येईल. आणि सैल झालेला पत्रा यातलं कुठलंच गणित पाळणार नाही. तो ठरावीक वेगाला थरथरेल आणि वेग पुढे सरकला की गप्प बसेल.

सेकंदाला साडेसात ठोके कानाने मोजता येत नाहीत, पण मोबाइलने येतात. इंजिन आयडलिंगवर ठेवा, मागच्या बंपरपासून हातभर अंतरावर मोबाइल धरून अर्धा मिनिट रेकॉर्डिंग करा आणि ते पाव वेगाने ऐका. त्याच वेळी टॅकोमीटरचा आकडा लिहून ठेवा. ९०० आरपीएमला दहा सेकंदांत १९ च्या आसपास ठोके भरले तर आवाज एका सिलिंडरशी किंवा त्याच्या एका व्हॉल्व्हशी बांधलेला आहे. ३७-३८ भरले तर तो क्रँकशाफ्टसोबत फिरतोय. मोजताच येत नसेल, सगळा खडखडाट असेल, तर इंजिनाला हात लावण्याआधी पत्रे आणि क्लॅम्प तपासा. हे करायला एकही नट सैल करावा लागत नाही, आणि संशयितांची यादी अर्ध्यावर येते.

हात लावण्याआधी चार प्रश्न

पहिला प्रश्न : आवाज थंड इंजिनावर जास्त की गरम झाल्यावर? एक्झॉस्टच्या जोडांतली फट थंड असताना मोठी असते. धातू तापला की फुगतो, जोड आवळतो आणि दहा मिनिटांत टकटक विरून जाते. मालक म्हणतो, "गाडी आपोआप बरी झाली." उद्या सकाळी ती पुन्हा आजारी असते. म्हणून गाडी तपासायला न्यायची तर ती रात्रभर गॅरेजमध्येच उभी करावी. गरम गाडीवर थंडीची तक्रार कुणालाच दाखवता येत नाही.

दुसरा प्रश्न : आवाज वेगाने वाढतो की भाराने? सपाट रस्त्यावर ३,००० आरपीएमला गाडी चालवा, मग त्याच आरपीएमला चढावर चालवा. चढावर पेडल जास्त दाबावं लागतं, सिलिंडरमधला दाब वाढतो आणि वायूची गळती असेल तर तिचा आवाज ठळकपणे वाढतो. व्हॉल्व्हची टकटक तेवढीच राहते, कारण व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमला चढ-उतार कळत नाही.

तिसरा प्रश्न : पेडल सोडल्यावर काय होतं? उतारावर गिअरमध्ये असताना फटफट ऐकू आली तर एक्झॉस्टमध्ये बाहेरची हवा शिरतेय का, हे पाहावं लागतं.

चौथा प्रश्न : आवाजासोबत आणखी काय बदललं? गाडी मिसिंग मारते का, दम कमी झाला का, हीटर लावल्यावर वास येतो का, पेट्रोल जास्त लागतं का? नुसता आवाज आणि आवाजासोबत थरथर, या दोन तक्रारींची कारणं बहुधा वेगवेगळी निघतात.

ही उत्तरं कागदावर लिहून मेकॅनिककडे गेलात तर त्याचा निम्मा वेळ वाचतो. ऐकण्यासाठी रस्ता निवडायचा तर दोन्ही बाजूंना भिंत असलेला निवडावा. काचा खाली घेऊन हळू गेलं की भिंतीवरून परतलेला आवाज थेट कानात येतो आणि डाव्या-उजव्या बाजूतला फरकही कळतो.

टकटक आणि फुसफुस

जुन्या ९११ मधली नेहमीची तक्रार म्हणजे थंड असताना मागून येणारी, पेडल दाबल्यावर वाढणारी टकटक. पुष्कळदा तिला टापेटचा आवाज समजून व्हॉल्व्ह सेट करून घेतले जातात आणि आवाज तसाच राहतो. कारण ती टकटक असते गॅसकेटची. सिलिंडर हेड आणि एक्झॉस्टची फ्लँज यांच्यामध्ये प्रत्येक सिलिंडरला एक गोल गॅसकेट असतं. वर्षानुवर्षं तापून-निवून ते चपटं होतं, नट किंचित सैल पडतात आणि फट तयार होते. छोट्या फटीतून दाबाखाली निसटणारा वायू धातूवर हातोडी मारल्यासारखा वाजतो. फट मोठी झाली की त्याच आवाजाची फुसफुस होते.

खूण डोळ्यांनीही दिसते. गाडी वर घ्या, प्रत्येक जोडावर टॉर्च मारा. गळतीच्या जागी काजळीचा काळा-करडा फराटा उमटलेला असतो, तोंडाशी दाट आणि पुढे पुसट होत जाणारा. तेलाचा डाग चकचकीत आणि चिकट असतो. काजळी कोरडी असते, बोटाला भुकटी लागते. या गाडीत व्हॉल्व्ह कव्हरमधून तेल गळून एक्झॉस्टवर पडणं नेहमीचंच आहे, म्हणून हा फरक बोटाने तपासून पाहावा.

फराटा दिसला नाही तर साबणाचं पाणी कामी येतं. इंजिन पूर्ण थंड आणि बंद असताना व्हॅक्यूम क्लीनरची नळी हवा बाहेर टाकणाऱ्या तोंडाला लावायची, तिचं दुसरं टोक टेलपाइपात खुपसून भोवती फडकं गुंडाळायचं आणि क्लीनर सुरू करायचा. मग फ्लँज, क्लॅम्प आणि वेल्डिंगच्या प्रत्येक रेषेवर ब्रशने साबणाचं पाणी फिरवायचं. जिथे फुगे येतील तिथे फट आहे. इंजिनाचा आवाज नाही, उष्णता नाही, भाजण्याची भीती नाही. याहून सोपी आणि बिनधोक तपासणी दुसरी नाही.

चालू इंजिनावरची तपासणी थोडी सांभाळून करायची असते. जाड हातमोजा घालून, घडी केलेलं जाड फडकं टेलपाइपावर दोन-तीन सेकंद दाबायचं. मागे दाब साचतो आणि लपलेली गळती जोरात फुसफुसू लागते. सायलेन्सर आणि जोड धड असतील तर हाताला ठाम धक्के बसतात आणि इंजिन गुदमरू लागतं. काही झालंच नाही, तर वायू दुसरीकडून वाट काढतोय असं समजावं. नेमकी जागा शोधायला मीटरभर रबरी नळी घ्यावी, एक टोक कानाजवळ आणि दुसरं जोडाजोडावरून फिरवावं. लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावण्याची जुनी पद्धत धातूतला ठोका ऐकायला चांगली, पण गळती हवेत असते. तिथे नळीच सरस ठरते.

दुरुस्तीत धोका आहे तो नटांचा. चाळीस-पन्नास वर्षं तापलेले नट स्टडवर गंजून बसलेले असतात. पाना लावून जोर केला की नट सुटण्याऐवजी स्टडच तुटतो, तोही हेडच्या तोंडाशी. मग गॅसकेटच्या कामाचं इंजिनकाम होतं. अनुभवी मिस्त्री आधी दोन दिवस गंज सोडवणारं तेल मारत राहतो, नट तापवतो आणि मगच पाना लावतो. घाई करणाऱ्याच्या हातात ही जागा देऊ नये.

तुटलेला स्टड : आवाज छोटा, खर्च मोठा

गॅसकेटसारखाच ऐकू येणारा पण फार महागात पडणारा एक आजार ९११ मध्ये आहे, आणि या गाडीचं नाव निघालं की जाणकार त्याबद्दल आधी विचारतात. या इंजिनात प्रत्येक सिलिंडर सुटा आणि त्याचं हेडही सुटं. क्रँककेसमधून निघालेले चार लांब स्टड सिलिंडरच्या बाजूने जाऊन हेड आवळून धरतात. सहा सिलिंडरांचे मिळून २४. इंजिन तापलं की सिलिंडर आणि हेडचं ॲल्युमिनिअम फुगतं. पोलाद त्याच्या निम्म्यानेच फुगतं. म्हणजे इंजिन जितकं गरम, तितका स्टडवर ताण जास्त.

१९७४ ते १९७७ च्या २.७ लिटर इंजिनांची क्रँककेस मॅग्नेशिअमची होती. हलकी, पण आटे धरून ठेवायला कमजोर. तिथे स्टड तुटण्याऐवजी बहुधा केसमधून आट्यांसकट उपटून येत. त्यात अमेरिकेच्या, विशेषतः कॅलिफोर्नियाच्या प्रदूषण नियमांसाठी काही गाड्यांना थर्मल रिॲक्टर बसवले होते. उरलेलं इंधन ते एक्झॉस्टमध्येच जाळत आणि हेडच्या खालची जागा आणखी तापवत. त्या गाड्यांमध्ये हा रोग जास्त दिसला. त्यावरचा उपाय म्हणजे केसमध्ये आटे असलेले पोलादी बुश बसवणं.

१९७८ मध्ये ९११ एससी आली ती तीन लिटरची आणि ॲल्युमिनिअमच्या केसची. उपटण्याचा प्रश्न सुटला. फुगण्यातला फरक भरून काढायला एक्झॉस्टच्या बाजूला, म्हणजे खालच्या रांगेला, डिलाव्हार नावाच्या मिश्रधातूचे स्टड घातले. हा धातू ॲल्युमिनिअमच्या जवळपास फुगतो. कागदावर हिशोब चोख होता. पण खालची रांग रस्त्याच्या पाण्यात आणि चिखलात असते. जर्मनीत आणि अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. सतत ताणलेल्या स्टडवर गंजाचा बारीकसा खड्डा पडला की तिथून चीर धावते आणि एक दिवस स्टड तुटतो, कधी गाडी चालू असताना तर कधी नुसती उभी असताना. मुंबईच्या किंवा कोकणपट्टीच्या खाऱ्या दमट हवेत ठेवलेल्या गाडीनेही या बाबतीत निर्धास्त राहू नये.

एक स्टड तुटला तर बाकीचे तीन हेड सांभाळतात आणि आवाजही येत नाही. दोन तुटले की सिलिंडर आणि हेड यांच्यातून वायू निसटू लागतो. आवाज गॅसकेटसारखाच : थंड असताना टकटक, भाराखाली फुसफुस. फरक असा, की एक्झॉस्टच्या फ्लँजवर काजळी नसते, आणि त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन उतरलेलं असू शकतं. खात्री करण्याची वाट सोपी आहे. खालचं व्हॉल्व्ह कव्हर काढा आणि हेडचे नट पाहा. स्टड तुटला असेल तर त्याचा नट वॉशरसकट सैल लोंबकळत असतो किंवा कव्हर काढताच तुकडा हातात पडतो. व्हॉल्व्ह सेट करताना हे कव्हर उघडावंच लागतं. तेव्हा दोन मिनिटं जास्त घालवून सगळे नट बघून घ्यावेत. जुनी ९११ विकत घेताना तर ही तपासणी सोडूच नये, कारण स्टड बदलायला इंजिन उतरवून वरचा भाग पूर्ण खोलावा लागतो.

एक्झॉस्टचे वाटणारे, पण त्याचे नसलेले आवाज

इंजिन आणि सायलेन्सर इतके जवळ असल्यामुळे दुसऱ्याचं पाप एक्झॉस्टच्या माथी मारलं जातं. पहिला मान टापेटचा. या इंजिनात व्हॉल्व्हची फट ०.१ मिलिमीटर ठेवतात, इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हींची, आणि तीही इंजिन पूर्ण थंड असताना. फट वाढली की टकटक येते. ती कोरडी असते, गरम झाल्यावर जात नाही आणि चढावर वाढत नाही. अशी गाडी थोडी वाजली तरी घाबरू नये. उलट काहीच न वाजणाऱ्या गाडीत फट फार कमी ठेवलेली असू शकते. तशा वेळी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपल्या जागेवर पूर्ण टेकत नाही आणि जळतो.

दुसरा आवाज साखळीचा. कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या साखळीला ताण देणारा टेन्शनर १९८३ पर्यंत स्वतःपुरतं तेल धरून ठेवणारा होता. तो निकामी झाला की सुरू होताना एका बाजूने खडखड येते. १९८४ च्या ९११ च्या ३.२ कॅरेरापासून त्याला इंजिनाच्या तेलाचा दाब मिळू लागला आणि नंतर अनेक जुन्या गाड्यांनाही तोच बसवला गेला. ही खडखड ऐकली की गाडी लगेच बंद करावी. साखळी दात सोडून सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

जळालेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पकडण्याची जुन्या मिस्त्र्यांची एक युक्ती आहे. टेलपाइपाच्या तोंडासमोर कागदाचा तुकडा धरायचा. तो एकसारखा बाहेर फडफडायला हवा. मधूनच आत ओढला जात असेल तर व्हॉल्व्ह नीट बसत नसल्याचा किंवा सिलिंडर मिसिंग मारत असल्याचा इशारा समजावा. पक्की खात्री लीक-डाउन टेस्टने होते. सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडतात आणि ती कुठून सुटते ते ऐकतात. टेलपाइपात सू ऐकू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, इनटेकच्या तोंडाशी आली तर इनटेक व्हॉल्व्ह, तेल भरण्याच्या तोंडात आली तर पिस्टनच्या रिंगा. मिसिंगचा सिलिंडर शोधायला चालू इंजिनावर प्लगची वायर ओढायची सवय मात्र इथे नको. या गाड्यांची इग्निशन जबर झटका देते.

धडाम् आणि फटफट

स्फोटासारखे आवाज दोन प्रकारचे. एक इनटेकमध्ये होतो, एक एक्झॉस्टमध्ये, आणि लोक दोन्हींना बॅकफायरच म्हणतात. निदानासाठी ते वेगळे ठेवायला हवेत.

१९७४ ते १९८३ च्या बऱ्याच ९११ मध्ये बॉशची के-जेट्रॉनिक इंधन प्रणाली होती. तिच्या हवेच्या मार्गात प्लास्टिकची मोठी पेटी असते. थंड इंजिन सुरू करताना मिश्रण बिघडलं की ज्वाला उलटी इनटेकमध्ये शिरते आणि पेटीतलं इंधन-हवेचं मिश्रण पेटतं. धडाम् असा एकच आवाज होतो आणि त्यानंतर गाडी आयडलिंग धरत नाही, कारण पेटी फुटलेली असते आणि मोजमापात न आलेली हवा आत येत असते. मालक सायलेन्सर फुटला समजून मागे पाहत राहतो. या पेटीला दाब सोडणारी छोटी झडप बसवून घेण्याचा जुना आणि स्वस्त उपाय आहे. ज्या गाडीत ती नाही तिथे बसवून घ्यावी.

पेडल सोडल्यावर सायलेन्सरमधून येणारी फटफट वेगळी. एक्झॉस्टमधला दाब प्रत्येक झटक्यानंतर क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो. जोडाला फट असेल तर त्या क्षणी बाहेरची ताजी हवा आत ओढली जाते. न जळलेलं पेट्रोल तिथे असेलच, तर तापलेल्या नळीत ते पेटतं. म्हणजे गळती एका वेळी वायू बाहेर टाकते आणि दुसऱ्या वेळी हवा आत घेते. ज्या गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर आहे, तिथे ही चोरटी हवा सेन्सरलाही फसवते. इंधन कमी पडतंय असं समजून यंत्रणा आणखी पेट्रोल सोडते. मायलेज उतरतं आणि फटफट वाढते. ३.२ कॅरेरातली मोट्रॉनिक प्रणाली तर उतारावर इंधन बंदच करते, त्यामुळे त्या गाडीत सततची फटफट ही तक्रार म्हणूनच घ्यावी.

आपल्याकडे हौसेने पुंगळी काढून फटाके वाजवणारे आहेतच. त्यांचा आवाज मुद्दाम केलेला असतो. पण जुन्या गाडीत आपोआप सुरू झालेले फटाके म्हणजे गळती, बिघडलेलं मिश्रण किंवा कमजोर स्पार्क. यात मिरवण्यासारखं काही नाही.

खडखड आणि घुमणं

खडखडाट बहुधा स्वस्तातला रोग असतो. उष्णता अडवणारे पत्रे, क्लॅम्प, सायलेन्सरचे पट्टे यांचे बोल्ट गंजून सैल होतात. इंजिन बंद आणि थंड असताना रबरी हातोडीने जागोजागी हलकेच ठोकत जा. दोषी पत्रा लगेच वाजतो. आतून, डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला तर सायलेन्सरमधली आडवी भिंत तरी सुटली आहे किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची मधपोळ्यासारखी चिनीमाती फुटली आहे. अमेरिकेत गेलेल्या १९८० नंतरच्या ९११ मध्ये कन्व्हर्टर असतो. त्याचे तुकडे पुढे अडकले की वायूची वाट बंद होते, गाडीचा दम जातो आणि कन्व्हर्टर लालबुंद तापतो. अशी गाडी वाळलेल्या गवतावर उभी करू नये.

घुमणारा आवाज एखाद्याच आरपीएमला येतो आणि पुढे जातो. २,५०० आरपीएमला सहा सिलिंडरचे स्फोट सेकंदाला १२५ होतात. सायलेन्सर किंवा केबिनची पोकळी त्या सुराला साथ देते तेव्हा डोकं भणभणतं. सायलेन्सरमधलं भरण जळून किंवा उडून गेलं तरीही असंच होतं. नवा सायलेन्सर बसवल्याबरोबर घुमणं सुरू झालं असेल तर बिघाड शोधण्यात अर्थ नाही. त्या सायलेन्सरचा आवाजच तसा आहे.

सायलेन्सर सडतो तो मुख्यतः आतून. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. लांबच्या प्रवासात ती वाफ बाहेर पडते. पाच मिनिटं गाडी चालवून बंद केली की तिचं आतच पाणी होतं आणि त्यातल्या आम्लासकट ते पत्रा खातं. आठवड्यातून एकदा जागेवरच इंजिन सुरू करून ठेवणारे हौशी मालक आपल्याच हाताने सायलेन्सर सडवत असतात. त्यापेक्षा पंधरा दिवसांनी एकदा अर्धा तास गाडी नीट चालवावी. आणि सायलेन्सरच्या तळाला एखादं नेटकं, गोल, बारीक भोक दिसलं तर ते वेल्डिंगने बुजवू नये. पाणी झरायला कारखान्यानेच ते ठेवलेलं असतं.

वास आला तर थांबा

या गाडीत एक्झॉस्टच्या नळ्यांभोवती पत्र्याचं आवरण असतं. पंख्याची हवा त्या आवरणातून जाऊन तापते आणि हीटर लावला की केबिनमध्ये येते. आतल्या नळीला गंजाने भोक पडलं तर तापलेल्या हवेसोबत एक्झॉस्टही आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, मळमळ, गरगर ही त्याची लक्षणं; चालक ती प्रवासाचा शीण म्हणून सोडून देतो. वास येतो तो सोबतच्या इतर वायूंचा. हीटर लावल्यावर तो आला तर हीटर बंद करा, काचा उघडा आणि दुरुस्ती होईपर्यंत हीटर वापरू नका. जळक्या तेलाचा वास असला तरी व्हॉल्व्ह कव्हरची गळती म्हणून तो सोडून देऊ नका. आधी नळ्या तपासा. केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचं छोटं मीटर ठेवणं केव्हाही चांगलं. कुठलीही आवाजाची तपासणी बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून करू नये, हे वेगळं सांगायला नकोच.

जुनी गाडी ९११ असो, फियाट असो की एखादी जुनी मारुती, तपासणीचा क्रम तोच ठेवा. आधी वास, कारण तिथे जिवाचा प्रश्न आहे. मग सैल पत्रे आणि क्लॅम्प, मग जोड आणि गॅसकेट, मग प्लग, वायर आणि इंधनाचं मिश्रण, आणि सगळ्यात शेवटी इंजिन खोलणं. अपवाद फक्त एकच : सुरू होताना येणारी साखळीची खडखड किंवा भाराखाली वाढणारा खोल, जड ठोका ऐकू आला तर क्रम विसरा आणि गाडी टोइंग करून न्या. बाकी वेळी गाडी धडधाकट असतानाच तिच्या आयडलिंगचं अर्धा मिनिट रेकॉर्डिंग करून, तारीख आणि आरपीएम लिहून ठेवा. पुढे आवाज बदलल्याची शंका आली की तुलना करायला ते हाताशी असेल, आणि "इंजिन खोलावं लागेल" असं कुणी म्हणालं तर त्याला आधी काय काय तपासलं हे विचारायचा तुम्हाला आधार मिळेल.